एक चाल, अनेक गळे

भजनी मंडळात एखादी चाल लोकांना आवडली की तिच्यावर चार-दोन नवी पदे बसतातच. चाल मुळात कोणाची, हे सहसा कोणी विचारत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावर याच रीतीचा मोठा धंदा झाला. ड्रम आणि बासच्या तयार साथीला तेथे ‘रिडिम’ म्हणतात. एकाच रिडिमवर दहा गायक आपापले शब्द म्हणतात आणि कोणी काय रंग भरला, हे श्रोते ताडून पाहतात.

अशांपैकी फार गाजलेला रिडिम म्हणजे ‘स्लेंग टेंग’. त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. जपानच्या हिरोको ओकुडा यांनी संगीतशास्त्र शिकताना जमैकाच्या रेगे संगीतावर प्रबंध लिहिला. १९८० मध्ये त्या कॅसिओ कंपनीत लागल्या आणि एमटी-४० या छोट्या कीबोर्डसाठी तयार ताल बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९८१ मध्ये तो बाजारात आला. त्यातल्या ‘रॉक’ नावाच्या तालाने पुढे इतिहास घडवला.

किंग्स्टन शहरात नोएल डेव्ही आणि गायक वेन स्मिथ या तरुणांच्या हाती तो कीबोर्ड लागला. तो ताल त्यांनी निर्माता किंग जॅमीला ऐकवला. जॅमीने त्याची लय संथ केली आणि वेन स्मिथचे ‘अंडर मी स्लेंग टेंग’ तयार झाले. २३ फेब्रुवारी १९८५ रोजी ‘ब्लॅक स्कॉर्पिओ’ या प्रतिस्पर्धी ताफ्याबरोबर लाऊडस्पीकरांचा जाहीर सामना रंगला. तेथे जॅमीने हे अस्त्र बाहेर काढले आणि लोक वेडे झाले.

मग गळ्यांची रांगच लागली. भोपळ्याच्या पोटातल्या पाण्याचे जुने लोककोडे घेऊन टेनर सॉने ‘पंपकिन बेली’ गायले. आधीच्या पिढीतला जॉनी ऑस्बर्न ‘बडी बाय’ घेऊन आला, तर जॉन वेनने ‘कॉल द पोलीस’ म्हटले. पुढे या एका चालीवर शेकडो गाणी झाली.

माझे आयुष्य बँकेच्या खतावण्यांत गेले, म्हणून मला जमा-नावे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. ओकुडाबाईंना ही सुरावट एका ब्रिटिश रॉक गाण्यावरून सुचली, यंत्र जपानी आणि कीर्ती जमैकाची! कॅसिओने मोबदला मागितला नाही. स्टुडिओचा आणि वादकांचा खर्च ज्यांना झेपत नव्हता, अशा पोरांना आवाज मिळाला, ही जमेची बाजू. पण ज्या ड्रम आणि बासवादकांच्या बोटांतून रेगे जन्मले, त्यांची कामे याच यंत्रयुगात आटली. ती रक्कम नावे टाकल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

टेनर सॉ १९८८ मध्ये ऐन तारुण्यात गेला, वेन स्मिथ २०१४ मध्ये. चाल मात्र टिकून आहे. तेव्हा घरातला नातू खेळण्यातल्या पेटीची बटणे उगाच दाबत बसला, तर लगेच रागावू नये.