पाण्याच्या उंचीवरून महाड

महाडमध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. रविवारी सकाळी नववी-दहावीची मुलं-मुली घरच्यांचे मोबाइल घेऊन माझ्याबरोबर गाव बघायला निघतात. बटण दाबायला त्यांना शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते कुठं उभं राहायचं, एवढंच.

चवदार तळ्यावर आधी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याबरोबर सेल्फी होतात. होऊ देतो. मग सगळ्यांना पायऱ्या उतरून खाली बसायला सांगतो. १९२३ साली मुंबई कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं हे तळं सर्वांना खुलं केलं, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह आले, खाली वाकले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. जे घडलं ते पाण्यालगत घडलं, म्हणून कॅमेराही तिथंच न्यायचा. परवा एका मुलीनं बाटलीत पाणी भरून घेणाऱ्या आजींचे फक्त हात टिपले. त्याआधी तिनं विचारलं होतं, “आजी, फोटो काढू का?” हे विचारणं मी कधीच सोडू देत नाही.

तिथून चालत वीरेश्वराच्या देवळाकडं. अस्पृश्य मंडळी या देवळातही शिरणार, अशी आवई त्याच दिवशी उठवली गेली आणि आंबेडकरांबरोबर आलेल्यांवर काठ्या पडल्या. नंतर १०८ घागरी ओतून तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. तळ्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ ला. तळं आणि देऊळ हे दोन सुटे फोटो ही गोष्ट सांगत नाहीत, म्हणून मधला रस्ताही टिपायला लावतो.

गांधारपाल्याच्या लेण्यांत प्रश्न वेगळा. आत काळोख, दारात लख्ख उजेड. मोबाइल दाराच्या उजेडाला भुलतो आणि भिंत काळी येते. अशा वेळी स्क्रीनवर भिंतीवर बोट ठेवायचं, मोबाइल खांबाला टेकवून स्थिर धरायचा. शिलालेखावर मात्र समोरून फ्लॅश मारायचा नाही, त्यानं अक्षरं सपाट होतात. टॉर्च बाजूला, भिंतीला जवळजवळ लावून धरली की खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि ब्राह्मी अक्षरं उठून दिसतात. इथल्या एका लेखात कुमार काणभोअ विष्णुपालित याचं नाव आहे. ते नाव कोरलेलं दिसलं की पोरं आपोआप हळू बोलू लागतात.

बाजारपेठेत मी गप्प असतो. २२ जुलै २०२१ चा सावित्री नदीचा पूर या मुलांनी लहानपणी स्वतः पाहिलाय. पाणी कुठवर आलं होतं ते प्रत्येक जण आपल्या घराच्या भिंतीवर हात ठेवून दाखवतो, आणि दुसरा फोटो काढतो. महाडच्या इतिहासातलं हे पान त्यांच्याइतकं नीट कोण टिपणार?

प्रत्येक फोटोखाली जागा, तारीख आणि काढणाऱ्याचं नाव लिहायला लावतो. माझ्याकडं येणाऱ्या जुन्या फोटोंतल्या कितीतरी माणसांची नावं आता घरच्यांनाही सांगता येत नाहीत.

पाऊस उघडला की पोलादपूरला जायचं आहे. तिथं ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे, पुढं उमरठला तानाजी मालुसऱ्यांची. पोरांनी आत्ताच एसटीचं वेळापत्रक काढून ठेवलंय.