पोहणे शिकताना : स्वतंत्र शिकवणी की बॅच?

गेल्या उन्हाळ्यात थेरगावच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. उथळ पाण्यात छान पोहत; पण पाय टेकेनासे झाले की छातीत धडधड सुरू होई. मुलगा खोल पाण्यात पोहे, हे काठावरून बघत. तपासले, हृदय ठणठणीत होते. त्यांनी विचारले, "डॉक्टर, स्वतंत्र शिक्षक लावू की बॅचमध्येच राहू?"

घाबरलेला माणूस पाण्यात श्वास रोखतो. श्वास पूर्ण न सोडल्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, जीव घुसमटतो आणि भीती आणखी वाढते. बॅचच्या गर्दीत ही खोड शिक्षकाच्या ध्यानात येत नाही. म्हणून पहिले काही दिवस स्वतंत्र शिकवणी घ्यावी. पाण्यात सावकाश श्वास सोडणे आणि काठाजवळ उभ्याने तरंगणे, एवढेच शिकावे. मग बॅचमध्ये जावे. सोबतीने संकोच जातो, सरावही टिकतो. कायम शिक्षकाचाच आधार राहिला, तर तो नसताना भीती परत येते.

ऐपत नसेल तर बॅचच घ्यावी. मात्र पहिल्याच दिवशी शिक्षकाला भीती सांगावी. दमा, हृदयविकार, फिट्स लपवू नयेत. असा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

ते गृहस्थ आता मुलाबरोबर खोल पाण्यात उतरतात.