ड्रॉइंग वाचणारा रोबो

1961 साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा रोबो साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलू लागला. त्याला शिकवायची रीत सोपी होती. त्याचा हात हव्या त्या जागी न्यायचा आणि ती जागा स्मृतीत नोंदवायची. त्यानंतर रोबो कितीतरी चपळ झाले, पण शिकवणीची ही रीत अनेक कारखान्यांत आजही टिकून आहे.

ऑपरेटर रोबो हलवणारा ‘टीच पेंडंट’ हा नियंत्रक हातात घेऊन उभा राहतो, बटणे दाबत वेल्डिंगची टॉर्च सांध्यापाशी आणतो, बिंदू नोंदवतो आणि पुढच्या बिंदूकडे वळतो. तोवर उत्पादन बंद! एकाच प्रकारचे हजारो जॉब, म्हणजे घडवायच्या वस्तू, असतील तर हा वेळ भरून निघतो. आज वीस ब्रॅकेट आणि उद्या पंधरा फ्रेम करणाऱ्या छोट्या वर्कशॉपचे मात्र गणितच बसत नाही.

गंमत म्हणजे, रोबोला हवी असलेली बरीचशी माहिती आधीच तयार असते. सांधा कुठून कुठे जातो, पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे सारे जॉबच्या संगणकावर काढलेल्या त्रिमितीय कॅड ड्रॉइंगमध्ये असतेच. पोर्तुगालमधील कोइंब्रा विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच धागा पकडला. ‘ऑटोडेस्क इन्व्हेंटर’ या नेहमीच्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये हत्याराचा मार्ग रेषांनी काढायचा, त्या रेषांवर हत्याराची छोटी प्रतिकृती ठेवून त्याचा कल दाखवायचा. पुढचा प्रोग्राम संगणक लिहील, अशी त्यांची पद्धत.

आता अशी कामे करणारी तयार सॉफ्टवेअर मिळतात. पडद्यावर कड निवडली की ती रोबोच्या सहा सांध्यांचे कोन काढतात, हात कुठे आपटेल का ते दाखवतात आणि एबीबी या रोबो कंपनीच्या ‘रॅपिड’ किंवा कुका कंपनीच्या ‘केआरएल’ भाषेत प्रोग्राम देतात. खरा रोबो तेवढा वेळ जुने काम उरकत असतो.

अडचण येते ती पडदा सोडून शॉपफ्लोअरवर उतरल्यावर. शिकवलेल्या बिंदूवर रोबो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतक्या अचूकतेने परत येतो. पण केवळ आकड्यांनी सांगितलेल्या जागी जाताना तो एखाद्या मिलिमीटरनेही चुकू शकतो. जॉब धरून ठेवणारे फिक्श्चर थोडे सरकलेले असते, पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने वाकतो. म्हणून फिक्श्चरवरचे तीन ठरलेले बिंदू रोबोच्या टोकाने टेकवून ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ घालतात. काही वेल्डिंग रोबो तर तारेचे टोक पत्र्याला टेकवून सांधा नेमका कुठे आहे हे आधी चाचपतात आणि मगच ठिणगी पाडतात.