झोपेचे मार्क

गेल्या महिन्यात ऑफिसने सगळ्यांच्या मनगटावर पट्टा चढवला. सकाळी फोनवर झोपेचे मार्क येतात. परवा मला ५८ पडले, तर एचआरचा मेल : ‘डीप स्लीप वाढवा.’ ज्या धंद्याने ऐन विशीत आमच्या रात्री विकत घेतल्या, त्यानेच आता झोपेत नापास करावं?

झोपेचं शास्त्र तसं अलीकडचं. १९५३मध्ये शिकागोत अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी मिटल्या पापण्यांखाली भिरभिरणारे डोळे नोंदवले. रेम झोप ती हीच, ठसठशीत स्वप्नांची. १९६८मध्ये झोपेच्या टप्प्यांची नियमावली आली. पुढची बरीच वर्षं आलेखांच्या भेंडोळ्यांत गेली, ती सोडून देतो.

मला बोलायचंय ते २००० नंतरच्या, कॉल सेंटरवाल्या पुण्याबद्दल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजले की इथे संध्याकाळचे साडेसात, म्हणजे लॉग-इन. पहाटे चारच्या सुमारास शरीराचं तापमान तळाला जातं. नेमका तेव्हाच टीम लीडर ‘आवाजात हसू आणा’ म्हणून मागे उभा. घरी येऊन आडवं व्हावं तर भंगारवाला, कुकरच्या शिट्ट्या. दमलेल्या माणसाला आधी गाढ झोप लागते, पण आतलं घड्याळ दुपार ओळखतं आणि चार-पाच तासांत उठवून बसवतं. डॉक्टर याला शिफ्ट वर्क डिसऑर्डर म्हणतात, आमचा मॅनेजर ‘अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम’ म्हणायचा. २००७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने शरीराचं घड्याळ बिघडवणारी रात्रपाळी ‘बहुधा कर्ककारक’ ठरवली. आमच्या फ्लोअरवर त्या वर्षी चर्चा होती ती नाइट अलाउन्सची. त्याच काळात शहराची वामकुक्षीही मोडीत निघाली. (तिच्यावरचे विनोद पुरे, दुपारची सुस्ती नुसती जेवणाची नसते, ती शरीराच्या घड्याळातच असते.)

आम्हाला रात्री ने-आण करणाऱ्या सुमोचा ड्रायव्हर सिग्नलला थांबला की घोरायचा. सगळी गाडी हसायची. आज वाटतं, त्याला स्लीप अ‍ॅप्निया असणार. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर दचकून जागा होतो. तासाला ३० वेळा असं झालं की आजार तीव्र समजतात. सकाळी माणसाला काही आठवत नाही, दिवसभर डुलक्या तेवढ्या येतात. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१मध्येच त्यावर नाकाला लावायचं हवेच्या दाबाचं यंत्र काढलं होतं. आमच्या ड्रायव्हरला मिळाला तो ‘चहा घेत जा’ हा सल्ला, आणि डबल ड्यूटी.

आणि आता हा पट्टा! तो हाताची हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतो. झोपेचे टप्पे नीट मोजायचे तर डोक्याला, डोळ्यांशेजारी, हनुवटीला तारा लावाव्या लागतात. तशी स्लीप स्टडी करायचीच असेल, तर आधी रात्रीच्या कॅबवाल्यांची करा, असं मी एचआरला कळवलं. उत्तर आलं : ते कंत्राटदाराचे लोक, या योजनेत बसत नाहीत.