गेममधून मन उडाले, म्हणजे नेमके काय झाले?

नव्वदच्या दशकात ‘सामुराई’, ‘मीडिया’ किंवा ‘लिटल मास्टर’ नावाचे कन्सोल टीव्हीला जोडून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळणारी मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्यांनी तिशी केव्हाच ओलांडली. व्हिडिओ गेम खेळत वाढलेली ही भारतातली पहिली मोठी पिढी. साहजिकच गेममधून मन उडण्याचा अनुभवही तिलाच पहिल्यांदा येतो आहे, आणि त्याचा अर्थ सांगू शकेल असे वडीलधारे माणूस घरात नाही. ती जागा ऐकीव गोष्टींनी घेतली. त्यांतल्या काही निरुपद्रवी आहेत. काहींमुळे माणसाला विनाकारण अपराधी वाटते. एखादी तर खऱ्या आजारावर पांघरूण घालते.

“गेम ही पोरवयाची गोष्ट. वय वाढले की आपोआप सुटते.”

हे पटते, कारण मागच्या पिढीत चाळिशीचा गेम खेळणारा माणूस कुणी पाहिलाच नव्हता. पण १९९५ मध्ये जो चाळिशीत होता, त्याच्या लहानपणी घरोघरी गेम नव्हतेच. त्याने ते सोडले नाहीत, त्याला ते मिळालेच नाहीत. जिथे गेम आधी पोचले, तिथे चित्र निराळे आहे. अमेरिकेतल्या गेम उद्योगाच्या संघटनेच्या पाहण्यांत खेळणाऱ्यांचे सरासरी वय तिशीच्या मध्याच्या आसपास निघते. जपानच्या हामाको मोरी यांची २०२० मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, गेमिंगचे यूट्यूब चॅनल चालवणारी सर्वांत वयस्कर व्यक्ती म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. आपल्याकडेही चाळीच्या गॅलरीत कॅरम खेळणाऱ्या किंवा लोकलच्या डब्यात पत्ते मांडणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला ‘आता मोठा हो’ असे कुणी सांगत नाही.

वयाबरोबर बदलते ते ओढीचे रूप. क्वांटिक फाउंड्री या संशोधन संस्थेने लाखाहून अधिक खेळाडूंच्या आवडीनिवडी नोंदवल्या आहेत. दुसऱ्याला हरवण्याची ओढ वयाबरोबर सर्वांत जास्त उतरते, असे त्यांत दिसते. विसाव्या वर्षी रँक वाढवण्यासाठी रात्री जागवणाऱ्याला पस्तिशीत तीच रँक नकोशी होते. त्याचे मन स्पर्धेतून उडालेले असते आणि तो समजतो, गेममधूनच उडाले.

“तिशीनंतर बोटे साथ देत नाहीत, म्हणून मजा जाते.”

यात तथ्याचा अंश आहे. कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’च्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या खेळाच्या नोंदी तपासल्या. डोळ्यांना दिसणे आणि हाताने हालचाल करणे यांतले अंतर चोविसाव्या वर्षापासूनच किंचित वाढू लागते, असे त्यांना आढळले. हा आकडा सगळीकडे फिरला. त्याच अभ्यासातला पुढचा भाग मात्र मागे राहिला: मोठ्या वयाचे खेळाडू साधे, कमी हालचालींचे मार्ग निवडून ही कसर भरून काढत होते. जपानचा खेळाडू ‘टोकिडो’ २०१७ मध्ये ‘इव्हो’ स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’चा विजेता ठरला तेव्हा ३२ वर्षांचा होता, आणि या खेळात सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो. शिवाय, शेती करायच्या, कोडी सोडवायच्या किंवा पाळीपाळीने चाली करायच्या गेममध्ये चपळाईचा संबंध येतोच किती? त्यांचाही कंटाळा येत असेल, तर दोष बोटांचा नाही.

“इतकी वर्षे खेळून मेंदूतले डोपामाइन संपते.”

या समजाला विज्ञानाचा पोशाख आहे, म्हणून तो जास्त पसरतो. त्याचा धागा एका खऱ्या प्रयोगापर्यंत जातो. लंडनमध्ये आठ पुरुषांना रणगाड्याचा गेम खेळायला देऊन त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले गेले. खेळताना मेंदूच्या एका भागात डोपामाइन वाढल्याचे दिसले, आणि १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. त्यातून लोकांनी दोन गोष्टी गृहीत धरल्या: डोपामाइन म्हणजे सुखाचा रस, आणि तो टाकीतल्या पाण्यासारखा वापरला की आटतो. दोन्ही चुकीच्या आहेत.

मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांच्या प्रयोगांत ज्या उंदरांच्या मेंदूतले डोपामाइन जवळजवळ नाहीसे केले होते, त्यांनाही गोड चव आवडत असल्याच्या खुणा तशाच दिसल्या. गेली होती ती गोडाकडे धाव घेण्याची इच्छा. हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डोपामाइनचा संबंध मुख्यतः पहिलीशी आहे. दुसरे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले काम तर या विषयाच्या गाभ्याला हात घालते. अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की माकडांच्या डोपामाइन पेशी उसळत. रस केव्हा मिळणार हे एकदा कळले, की रस मिळताना त्या शांत राहत. म्हणजे या पेशी मोजतात तो अंदाज आणि अनुभव यांतला फरक.

वीस वर्षे खेळलेल्या माणसाला नवा गेम उघडल्यावर दहा मिनिटांत पुढचे कळते. हा मनोरा चढला की नकाशा उघडणार, या पेटीत थोडी बरी तलवार असणार, हा मित्र शेवटी दगा देणार. अंदाज बरोबर येत जातात आणि उसळी येत नाही. यात मेंदू बिघडलेला नाही, तो शिकलेला आहे. म्हणूनच ‘डोपामाइन डिटॉक्स’च्या नावाखाली आठवडाभर भिंतीकडे बघत बसून काही ‘भरून’ येत नाही, कारण काही रिकामे झालेलेच नसते. आयुष्यभर गोळ्या झाडण्याचे गेम खेळलेल्याला एखादा विचित्र, अनोळखी प्रकारचा गेम पकडून ठेवतो तो याच कारणाने.

“जुने गेम खरे. हल्लीच्या गेममध्ये दमच नाही.”

सगळ्यांत प्रेमाने जपलेला समज हा आहे, आणि तो खोडताना थोडे हळुवार राहायला हवे. जुने सगळेच चांगले होते, हे मात्र खरे नाही. आठवणीत उरले ते निवडक. १९८३ मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला आणि घाईने काढलेल्या सुमार गेमचा पूर हे त्यामागचे एक मोठे कारण होते. अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोजवळ कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या. २०१४ मध्ये तो खड्डा उकरला तेव्हा सुमारे १,३०० कॅसेट वर काढल्या गेल्या. आपल्याकडे ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्येही तेच पाच-सात गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा येत, हे त्या वेळच्या प्रत्येक मुलाला माहीत होते. उलट २०१६ चा ‘स्टारड्यू व्हॅली’ एका माणसाने एकट्याने घडवला आणि तो जगभर गाजला. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. त्यात भारतीय पुराणकथांच्या जगातून फिरता येते. १९९५ च्या मुलाला असे काही स्वप्नातही मिळाले नसते.

मग जुने इतके गोड का लागते? एक कारण स्मरणशक्तीचे आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे आयुष्यभर जास्त संख्येने आणि जास्त ठळकपणे परत येतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलेले आहे. दुसरे कारण त्याहून मोठे. रायन, रिग्बी आणि शिबिल्स्की या संशोधकांनी २००६ मध्ये गेमची गोडी कशातून येते हे तपासले. आपल्या मनाप्रमाणे वागता येणे, काहीतरी जमते आहे असे वाटणे आणि इतरांशी जोडलेले असणे, या तीन गरजा जिथे भागतात तिथे माणूस रमतो आणि परत येतो.

आता सायबर कॅफेचा विचार करावा. दहावीच्या मुलाला दिवसभरात आपल्या मर्जीने वागता येईल अशा जागा किती होत्या? शाळा, क्लास, घर, सगळीकडे दुसऱ्याचे वेळापत्रक. कॅफेतला तो एक तास त्याचा होता. तिथे गणितात नापास होणाराही सगळ्यांत अचूक नेमबाज ठरू शकत होता. आणि शेजारच्या खुर्चीवर मित्र होते, ओरडणारे, चिडवणारे, ‘आता माझा टर्न’ म्हणून भांडणारे. ते मित्र आता पुणे, बंगळुरू, दुबईत विखुरले आहेत. त्या काळातला गेम आज पुन्हा डाउनलोड करून लावला तर पडद्यावरचे सगळे जसेच्या तसे मिळते, आणि तरीही अर्ध्या तासात तो बंद केला जातो. गेममध्ये काही कमी झालेले नसते. खोलीत माणसे नसतात.

एक तक्रार मात्र रास्त आहे. रोज हजेरी लावा, नाहीतर बक्षीस बुडेल. हंगाम संपायच्या आत पास पूर्ण करा. नाहीतर पैसे भरा. अशा रचनेचे गेम वाढले आहेत. दिवसभर डेडलाइन सांभाळणाऱ्याला घरी येऊन आणखी एक डेडलाइन नको असते. पैसे भरून नशीब आजमावायला लावणाऱ्या ‘लूट बॉक्स’ना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या कायद्याखाली बेकायदा ठरवले, ते उगीच नाही. पण ही एका प्रकारच्या गेमची खोड आहे. सगळ्या गेमना त्यात ओढणे अन्याय होईल.

“प्रश्न फक्त वेळेचा आहे.”

वेळ कमी होतो हे खरेच. पण याच माणसाचा रोजचा तास-दीड तास मोबाइलवर रील्स बघण्यात जातो, म्हणजे वेळ अगदीच नसतो असे नाही. नसतो तो सलग वेळ. सरावलेल्या हाताने कॉन्ट्रा अर्ध्या तासाच्या आसपास संपतो. ‘द विचर ३’ची नुसती मुख्य कथा पुरी करायला साधारण पन्नास तास लागतात. नोकरी, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची औषधे यांतून रात्री दहाला पाऊण तास मिळतो, त्यात आधी अपडेट उतरते. तीन आठवड्यांनी पुन्हा बसले तर कोणत्या बटणाने काय होते हेही आठवत नाही. ‘जमते आहे’ ही भावना अशाने टिकत नाही, आणि ती गेली की ओढही जाते.

२०२० च्या लॉकडाऊनने या समजाची परीक्षाच घेतली. बऱ्याच जणांना वेळ मिळाला. त्या वेळी गाजले ते गेम पाहावेत: दोन वर्षे जुना ‘अमंग अस’, जो टोळक्याने खेळतात, ‘अॅनिमल क्रॉसिंग’, ज्यात एकमेकांच्या बेटावर जाता येते, आणि भारतात नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचा, २०१६ पासून बाजारात असलेला ‘लुडो किंग’. मामा नागपुरात, भाची नाशकात, आजी गावी, आणि तिघांच्या सोंगट्या एका पटावर. लुडोत नवे असे काहीच नव्हते. गेम नकोसे झाल्याचे सांगणारी कितीतरी मोठी माणसे तेव्हा रोज रात्री खेळत होती.

“चांगला पीसी किंवा नवा कन्सोल घेतला की ओढ परत येते.”

प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. एवढ्या पैशांत चित्र सुंदर होते. सोबत आणि सलग वेळ या गोष्टी खोक्यात येत नाहीत. सेलमध्ये घेऊन न उघडलेल्या गेमची लांबलेली यादीही हेच सांगते: विकत घेणे हा वेगळा छंद आहे.

“मन उडाले, म्हणजे आधी व्यसन होते आणि ते सुटले.”

घरचे लोक असे समाधानाने म्हणतात, आणि बोलण्यामागची काळजी खरी असते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ‘गेमिंग विकारा’ची व्याख्या काटेकोर आहे. खेळण्यावर ताबा नसणे, बाकी सगळ्यावर गेमने मात करणे, नुकसान होऊनही खेळत राहणे, आणि हे साधारणपणे किमान बारा महिने चालणे. खूप खेळणारे बहुतेक लोक यात बसत नाहीत. २०२२ मध्ये जवळपास ३९,००० खेळाडूंच्या प्रत्यक्ष खेळलेल्या तासांचा अभ्यास झाला. किती वेळ खेळले याचा त्यांच्या मनःस्वास्थ्यावर फारसा परिणाम दिसला नाही. आवडीने घालवलेल्या वर्षांना मागे वळून आजार ठरवण्याचे कारण नाही.

“गेम नकोसे झाले म्हणजे नैराश्य आले.” किंवा “काही नाही, मोठा झालास.”

ही दोन्ही वाक्ये एकत्र तपासली पाहिजेत, कारण दोन्हींत निदान न बघता केलेले असते. एका छंदातून मन उठून दुसऱ्यात गुंतले, गेमची जागा ट्रेकिंगने, तबल्याने किंवा लहान मुलीसोबतच्या संध्याकाळीने घेतली, तर तो आजार नव्हे. आवडी जन्मभर त्याच राहत नाहीत, आणि त्या परत आणण्याची सक्ती कुणावर नाही. पण गेमसोबत क्रिकेटही नकोसे झाले, मित्रांचे फोन उचलावेसे वाटेनात, जेवणाची चव गेली, झोप बिघडली आणि बहुतेक सगळ्या गोष्टींतला रस दोन आठवडे किंवा अधिक काळ गेलेलाच राहिला, तर ‘मोठा झालास’ हे उत्तर धोक्याचे ठरते. सगळ्यांतला रस जाणे हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे. दुसरे सततची उदासी. रडू येत नाही म्हणून नैराश्य नाही, असे मानणारे इथेच फसतात. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते. तिथे गेमचा विषय काढायला संकोच वाटायला नको. आधी काय आवडायचे आणि ते कधीपासून नकोसे झाले, हे तपासणाऱ्याला जाणून घ्यायचेच असते.