दोन जोड्यांची अदलाबदल

लॅन केबलचं वरचं आवरण सोललं की आत आठ तारा दिसतात. दोन-दोन तारांच्या पिळलेल्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची, दुसरी त्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी. एका जोडीतल्या दोन्ही तारांवरून एकच संदेश एकमेकांच्या उलट विद्युतदाबाने धावतो आणि घेणारं यंत्र त्या दोघींतला फरक तेवढा वाचतं. तारा पिळलेल्या असल्यामुळे बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. टेलिफोनच्या तारांसाठी ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली पेटंट करून घेतली. आजची लॅन तिच्यावरच उभी आहे.

आता कनेक्टर. क्लिप खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि केबलची बाजू आपल्याकडे धरली, तर डावीकडून पहिली पिन. ५६८-बी या पद्धतीत क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. शिकणारा नेमका इथे अडखळतो. हिरवी जोडी फोडून तिच्यामध्ये निळी का बसवली? कारण टेलिफोनची लाइन मधल्या दोन पिनांवर असायची. त्या जागा तिच्यासाठी राखल्या आणि हिरव्या जोडीला तिसऱ्या व सहाव्या पिनेवर जावं लागलं.

हे ठाऊक नसेल तर माणूस एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, सात-आठ अशा सरळ जोड्या लावतो. दोन्ही टोकांना क्रम सारखाच असल्याने साध्या टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात. पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर आता दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा आलेल्या असतात, म्हणजे पिळाचा फायदा संपला. हातभर केबल कदाचित चालूनही जाईल, लांब केबलवर मात्र लिंक सारखी तुटते, डेटा गळतो आणि दोष स्विचवर ढकलला जातो. म्हणून तारांचा रंग नव्हे, जोडी सांभाळायची. टोकाशी पीळही अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही.

स्ट्रेट आणि क्रॉस यांतला फरक त्यामानाने सोपा. १० आणि १०० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये संगणक एक-दोन पिनांवर बोलतो, तीन-सहावर ऐकतो. स्विचमध्ये हे आतूनच उलटं असतं. त्यामुळे संगणक ते स्विच स्ट्रेट केबल: दोन्ही टोकांना एकच क्रम. संगणकाला संगणक जोडायचा तर दोघंही एकाच जोडीवर बोलणार आणि दुसरीवर दोघंही वाट पाहत राहणार. तिथे क्रॉस केबल लागते. तिच्या एका टोकाला ५६८-बी, दुसऱ्याला ५६८-ए. दोन्हींत फरक एवढाच की नारिंगी आणि हिरव्या जोडीने जागा बदललेल्या असतात.

हे काम केबलकडून चिपकडे आणण्याचं श्रेय एचपीमधले अभियंते डॅनियल डव्ह आणि ब्रूस मेल्विन यांच्याकडे जातं. त्यांच्या ऑटो-एमडीआयएक्समध्ये पोर्ट स्वतःच जोड्या अदलून बघतो. दोन्ही टोकं एकाच ठेक्यात अदलाबदल करत राहिली तर जुळणार कधीच नाहीत. म्हणून अदलायचं की थांबायचं, हे प्रत्येक टोक नाणेफेक केल्यासारखं आपलं आपण ठरवतं. काही क्षणांत कुठेतरी दोघांचं विरुद्ध पडतं आणि लिंक लागते. मला या सगळ्या तंत्रात हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

१९९९ सालच्या गिगाबिट मानकात चारही जोड्या एकाच वेळी बोलतात आणि ऐकतात, आणि बहुतेक पोर्ट अदलाबदल स्वतःच करतात. तरीही क्रॉस केबल हद्दपार झालेली नाही. कारखान्यांतल्या जुन्या कंट्रोलरना ती अजून लागते. शिवाय अनेक स्विचवर वेग आणि डुप्लेक्स हाताने पक्के केले की ऑटो-एमडीआयएक्स बंद पडतं. अशा दोन स्विचना स्ट्रेट केबलने जोडलं की पोर्टचा दिवा लागत नाही, आणि मग दुरुस्तीला आलेल्या माणसाला आधी दोन्ही कनेक्टर शेजारी धरून रंग ताडून पाहावे लागतात.