सातो, पांडुरंग आणि व्याख्येबाहेरचा मित्र

‘वेलकम टू द एनएचके’ (2006) ही 24 भागांची जपानी ॲनिमे. कॉलेज सोडलेला सातो खोलीबाहेर पडत नाही आणि यामागे कुणाचा तरी कट आहे असं मानतो. बघताना हसू येतं, मग पोटात गोळा. आपल्याकडे 1963 सालीच ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर पुण्यातलं शिक्षण अर्धवट ठेवून गावी परतला होता. लेखक भालचंद्र नेमाडे पुढे आपल्याच शहरातल्या विद्यापीठात शिकवायचे.

मग दोघे एकच का? जपानी आरोग्य मंत्रालयाच्या मते शाळा-नोकरी टाळून सहा महिने किंवा जास्त काळ घरातच राहणारा तो ‘हिकिकोमोरी’. ही झाली ऑपरेशनल डेफिनिशन, म्हणजे मोजता येईल अशी व्याख्या. सातो तिच्यात बसतो. गावात वावरणारा पांडुरंग बसत नाही. हरवलेला मात्र तोही आहे.

आता संभाजीनगरच्या अभ्यासिकेत चार वर्षं स्पर्धा परीक्षा देणारा, सणालाही घरी न जाणारा मित्र घ्या. तो रोज बाहेर पडतो, म्हणजे आपल्या आकडेवारीत ठणठणीत! म्हणून प्रश्नावलीत ‘किती वेळा बाहेर पडता?’ यासोबत ‘शेवटचं मोकळेपणाने कुणाशी, कधी बोललात?’ हेही विचारा. व्याख्येशिवाय मोजणी होत नाही, पण ती कुणाला वगळते हेही प्रबंधात लिहायचं असतं.